मोफत मिळणाऱ्या प्रणालीचे मोजलेले ४,१२८ रुपये ८२ पैसे

सप्त्यांतील कीर्तनांच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणे हे माझे काम आहे, त्यामुळे ‘संगणकातले काही न कळणारी माणसेच फसतात’ असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. एका माहितीपटाच्या संकलकाला माझ्याकडची अकरा ध्वनिमुद्रणे हवी होती. ती सीडीच्या ४४,१०० हर्ट्झ दराने, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तितके नमुने घेऊन, साठवलेली होती, त्याला ती व्हिडिओच्या ४८,००० हर्ट्झने हवी होती. हे रूपांतर मी एरवी सॉक्स या मोफत प्रणालीवर करतो. पण तिच्या काळ्या खिडकीत आज्ञा टंकाव्या लागतात आणि मूळ प्रकल्पाची १४.४.२ ही आवृत्ती २०१५ मधली आहे. त्यामुळे शोधात सर्वांत वर ‘सुधारित आवृत्ती, एका बटणावर रूपांतर’ अशी जाहिरात दिसली, तेव्हा संशय येण्याऐवजी मला आनंदच झाला.

किंमत ३,४९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ४,१२८ रुपये ८२ पैसे. पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता आणि पैसे पाठवताना कंपनीऐवजी एका व्यक्तीचे नाव उमटले, हे मी पाहिले होते. छोट्या विक्रेत्यांचे असेच असते, अशी माझी मीच समजूत घातली. कर घेणाऱ्याचा क्रमांक पावतीवर नसेल, तर तिथेच थांबावे.

खरी लाज पुढच्या क्षणाची वाटते. रूपांतरित फाइल लावली तर बुवांचा आवाज चिरका येत होता. काळी एकमध्ये गायलेला अभंग आता पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये, म्हणजे कोणत्याही पेटीवर नसलेल्या सुरात लागत होता. ६० मिनिटांचे कीर्तन ५५ मिनिटे ७ सेकंदांत आटोपले होते आणि ६३५ एमबीची फाइल ६३५ एमबीचीच राहिली होती; खऱ्या रूपांतरानंतर ती ६९१ एमबीची व्हायला हवी. या महाभागांनी नमुन्यांना हातही न लावता फाइलच्या सुरुवातीच्या नोंदीतला दराचा आकडा तेवढा बदलला होता, म्हणून तेच नमुने भराभर वाजत होते. एवढे सगळे समोर असताना मी काय ठरवले, तर मूळ कॅसेट ध्वनिमुद्रित करतानाच टेपची मोटर हळू फिरली असावी! जुन्या टेपांचे असे होते, हे खरे आहे, म्हणून मला अगदीच मूर्ख म्हणू नये. पण अकराही कॅसेटींची मोटर एकाच प्रमाणात कशी चुकेल, हा प्रश्न मला दोन दिवस पडला नाही.

तक्रार करताच ‘परताव्यासाठी’ फोन आला. तो मनुष्य शुद्ध, मृदू मराठीत बोलत होता, त्याच्याकडे माझा पावती क्रमांक होता आणि त्याच वेळी दुसऱ्या फोनवर संकलक फाइली मागत होता. पाठवलेला क्यूआर स्कॅन करून मी पिन टाकला आणि २४,९९९ रुपये गेले. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे मी स्वतः आईला शिकवलेले आहे.

अर्ध्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. तुम्हीही तसेच करा, घरच्यांपासून लपवत रात्र घालवू नका. बँकेच्या शाखेत मला तीन टेबलांवर फिरवून, रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातले ग्राहकाच्या निष्काळजीपणाचे वाक्य तेवढे वाचून दाखवण्यात आले. कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी बँकेची, हे त्याच परिच्छेदातले पुढचे वाक्य मीच त्यांना दाखवले. पोलीस ठाण्यात ‘गाणे पळवायला पैसे कशाला दिलेत?’ असे विचारून आधी सगळे हसले, मग हद्द आमची नाही म्हणून दुसऱ्या ठाण्यात धाडले आणि त्या ठाण्याने परत पहिल्याकडे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवून घ्यावी लागते, असे म्हटल्यावर अंमलदार म्हणाले, “मग तुम्हीच लिहा.” मी दोन पानी अर्ज लिहिला, त्याच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मिळवायला आणखी दोन खेपा झाल्या.

त्या रात्री काळ्या खिडकीत आज्ञा टंकून अकराही फाइली मोफत रूपांतरित केल्या. बुवा पुन्हा काळी एकवर आले, २९,१२७ रुपये ८२ पैसे आलेले नाहीत.