शुगर स्क्रब बारचं ‘घरबसल्या काम’: बिघडावी म्हणूनच दिलेली कृती

लोकलच्या लेडीज डब्यात दाराजवळ चिकटवलेला कागद, नाहीतर बचत गटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत आलेला मेसेज: ‘घरबसल्या शुगर स्क्रब बार बनवा, तयार माल आम्हीच घेऊ, एका बारचे ४० रुपये.’ भांडुपच्या एका बचत गटातल्या चौघींनी हे किट, म्हणजे अंग घासायच्या साखरेच्या साबणवड्या बनवायचं सामान आणि कृतीचं कार्ड, घेतलं. प्रत्येकीने ७,४९९ रुपये भरले, त्यातले २,००० म्हणे परत मिळणारं डिपॉझिट. चौघींचा मिळून एकही बार विकत घेतला गेला नाही. प्रत्येक वेळी उत्तर एकच: ‘क्वालिटी चेकमध्ये नापास.’

त्या बायका स्वतःलाच दोष देत होत्या. आपल्याला जमलं नाही, आपला हात बसला नाही, असं म्हणत होत्या. म्हणून हे लिहायला घेतलं. आम्ही साबणाचं काम रोज करतो. किटमधलं सामान आणि लॅमिनेट केलेलं कृतीचं कार्ड समोर ठेवून ओळ न ओळ तपासली. त्या कार्डाप्रमाणे कुणीही बार केला तरी तो बिघडणारच. बिघडलेला बार नाकारायची अट करारात आधीच लिहून ठेवलेली होती.

आधी नीट बार कसा होतो ते सांगतो, म्हणजे खोट कुठे आहे ते लगेच दिसेल. ५० ग्रॅमच्या ८ बारना ग्लिसरीन सोप बेस (वितळवून साच्यात ओतायचा तयार साबण) १०० ग्रॅम, तेल ४० ग्रॅम, घट्ट बटर (खायचं लोणी नव्हे, बियांची घट्ट चरबी) २० ग्रॅम आणि साखर २४० ग्रॅम लागते. सगळं वजनकाट्यावर, चमच्याने किंवा वाटीने नाही. घट्ट बटर हवंच, कारण खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं आणि मुंबईत वर्षातले बहुतेक दिवस ते पातळच असतं. नुसत्या खोबरेलाचा बार हातात धरवत नाही. कोको बटर चालतं. कोकम बटर म्हणजे आपलं कोकणातलं भिरंडेल, टाचांच्या भेगांना लावतात ते, आम्हाला त्याहून बरं वाटतं. ते ३८ ते ४० अंशांपर्यंत घट्ट राहतं. साखर एस-३०, म्हणजे बारीक दाण्याची, घ्यावी आणि मिक्सरमधून दोन सेकंद फिरवावी. एम-३० चा मोठा दाणा अंगाला टोचतो. पिठीसाखर घेतली तर खरखर राहतच नाही, नुसता चिकट गोळा होतो.

बेसचे बोराएवढे तुकडे करायचे. पातेल्यात पाणी तापवून त्यावर स्टीलचं भांडं ठेवायचं आणि बेस ६० ते ६५ अंशांवर वितळवायचा. आधी वितळवून ठेवलेलं बटर आणि तेल त्यात घालायचं, सावकाश ढवळायचं, भांडं खाली उतरवायचं. मिश्रण ५० अंशांपर्यंत आलं की साखर घालून अर्ध्या मिनिटात साच्यात ओतायचं. सुगंध एकूण वजनाच्या एक टक्का, म्हणजे इथे ४ ग्रॅम, साखरेच्या अगदी आधी. वर साय धरली तर मिश्रण जास्त थंड झालंय. पुन्हा क्षणभर वाफेवर धरायचं, पण साखर पडायच्या आतच. सिलिकॉनच्या साच्यात दोन-तीन तास पंख्याखाली ठेवायचं आणि बाहेर काढल्यावर तासाभरात क्लिंग रॅपमध्ये घट्ट गुंडाळायचं.

आता कार्डावर काय होतं ते पाहा.

पहिली ओळ: ‘बेसला उकळी येऊ द्या, लगेच साखर घाला.’ उकळलेल्या बेसमधलं पाणी उडतं, फेस धरतो, रंग पिवळट होतो. एवढ्या गरम मिश्रणात साखर पडली की दाणा विरघळायला लागतो. थंड झाल्यावर बार वरून गुळगुळीत आणि आतून पाकासारखा.

दुसरी ओळ: ‘१०० ग्रॅम बेसला ३० मिली गुलाबपाणी घाला.’ सगळ्यात मोठी खोट हीच. साध्या तापमानाला १०० मिली पाण्यात जवळपास २०० ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे ३० मिली गुलाबपाणी ६० ग्रॅम साखर गिळून तिचा पाक करतं. हा पाक आठवडाभर बारमधून पाझरत राहतो. चौघींपैकी एकीने बार स्टीलच्या ताटलीत ठेवले होते. सकाळी ताटलीत चिकट पाण्याचं तळं आणि कडेने मुंग्यांची रांग. बारचं वजन ५० वरून ४७ ग्रॅमवर आलेलं. करारातली अट काय? ‘वजन ५० ग्रॅम, फरक जास्तीत जास्त १ ग्रॅम, पृष्ठभाग कोरडा.’

तिसरी ओळ: ‘फ्रीझरमध्ये २ तास, मग २४ तास उघड्यावर सुकवा.’ ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, साखरही घेते. फ्रीझरमधून काढलेला गार बार मुंबईच्या दमट हवेत आला की ताकाच्या ग्लासावर येतात तसे थेंब त्यावर येतात, आणि ते थेंब साखर विरघळवत आत उतरतात. जुलैमध्ये २४ तास उघडा ठेवलेला बार सुकत नाही, उलट ओला होतो.

सुगंधाचं तर विचारू नका. ८ बारना २० मिली लिहिलं होतं. हे प्रमाण जवळपास पाच टक्के झालं, अंगाची आग व्हायला पुरेसं. शिवाय ‘चेहऱ्यालाही वापरा’ असा सल्ला. साखरेचा दाणा आणि साबण एकत्र चेहऱ्यावर चोळू नये. वॅक्सिंगनंतर किंवा कापलेल्या जागी तर अजिबात नाही.

किटच्या सामानाचा हिशेब कागदावर मांडला तरी फसवणूक उघडी पडते. बेस २ किलो, ‘बदाम तेल’ ५०० मिली, बटर शून्य, साखर आपली आपण आणायची. ऑर्डर २०० बारची, म्हणजे १० किलो माल. तेलाचं वजन भरतं साधारण ४६० ग्रॅम. ८ बारना ६० ग्रॅम स्निग्ध पदार्थ धरले तर एवढ्यात ६१ बार होतात. बाकीचे १३९ कशाचे करायचे? १० किलो भरायचे तर साडेसात किलो साखर कोंबावी लागते, आणि तसा बार साच्यातून काढतानाच भुगा होतो. ओला झाला तर ‘ओलसर’ म्हणून नापास, कोरडा झाला तर ‘तुटका’ म्हणून नापास.

बाटल्यांवर घटक, बॅच नंबर, तारीख काहीच नव्हतं. ‘लॅव्हेंडर इसेन्शियल ऑइल’चा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून रात्रभर ठेवला. लॅव्हेंडरचं शुद्ध तेल उडून जातं, कागदावर तेलकट डाग राहत नाही. इथे सकाळी पुरणपोळीच्या तुपासारखा गोल डाग जसाच्या तसा. म्हणजे जड तेलात मिसळलेला सुगंध. (ही परीक्षा लॅव्हेंडर, लिंबू, निलगिरी अशा हलक्या तेलांना लागू पडते, चंदन किंवा वाळ्याचं तेल शुद्ध असलं तरी डाग ठेवतं.) बदाम तेलात पॅराफिन (खनिज तेल) आहे की नाही हे घरी ओळखता येत नाही, त्यासाठी लॅबच लागते. तेलात व्हिटॅमिन ई आहे म्हणून प्रिझर्वेटिव्ह लागत नाही, हेही कार्डावर ठणकावून लिहिलं होतं. ते खोटं आहे. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही एवढंच. बुरशी आणि जंतूंना ते अडवत नाही.

पैसे उकळायचे टप्पे ठरलेले असतात. आधी किट. मग १० बारचा नमुना स्वखर्चाने कुरिअर करा. नापास झाल्यावर ‘ट्रेनिंग फी’ १,५००. त्यानंतर ‘एफडीएचं (अन्न व औषध प्रशासनाचं) सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणून ३,०००. शेवटी डिपॉझिट परत देतो असं सांगून क्यूआर कोड पाठवतात आणि स्कॅन करून पिन टाका म्हणतात. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. चौघींपैकी एकीचे आणखी २,००० असेच गेले.

एफडीएचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण सगळा डाव तिथेच उघडा पडतो. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे राज्याच्या एफडीएचा परवाना लागतो. अर्ज फॉर्म सीओएस-५ मध्ये, परवाना सीओएस-८ मध्ये, आणि तो जागेला मिळतो: जागा, यंत्रं, माणसं, तपासणीची सोय बघून. किटसोबत कुणी कुणाला परवाना काढून देऊ शकत नाही. बारच्या लेबलवर उत्पादकाचं नाव, पत्ता, बॅच नंबर आणि परवाना क्रमांक लागतो. जी कंपनी खरोखर तुमचा माल घेऊन दुकानात विकणार असेल, ती पहिला प्रश्न विचारेल तुमच्या परवान्याचा. यांनी तो विचारलाच नाही. तुमचे बार कुणाला विकायचेच नव्हते, म्हणून त्याची गरजच नव्हती.

पैसे भरण्याआधी पाच मिनिटांत होणारी दोन कामं आहेत. बिलावरचा जीएसटी नंबर मोजा: १५ अक्षरं-आकडे हवेत, महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात २७ ने होते. या बिलावर १४ च होते. बरोबर वाटला तरी जीएसटी पोर्टलवर टाकून नाव आणि पत्ता जुळतो का बघा. दुसरं, माल परत घेण्याची अट लेखी मागा आणि ‘नापास’ कोण ठरवणार, कुठे, तुमच्यासमोर की पाठीमागे, हे वाचा.

शिकायचंच असेल तर किटची गरज नाही. प्रिन्सेस स्ट्रीट आणि मस्जिद बंदरच्या गल्ल्यांत बेस, बटर, सुगंध किलोच्या आणि १०० ग्रॅमच्या हिशेबाने मिळतात. साचे क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास केकचं सामान विकणाऱ्यांकडे. पहिल्यांदा एक किलोच बेस घ्या, दुकानदाराकडे त्या बॅचचं तपासणीपत्र मागा आणि वर दिलेल्या मापाने ८ बार करून आठवडाभर गुंडाळून ठेवा.

ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी लाजेने गप्प बसू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी समोरच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. पोलिसांकडे तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, फसवणुकीची. ग्राहक हेल्पलाइन १९१५.

जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ‘तुम्ही धंद्यासाठी किट घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही,’ असं या लोकांनी चौघींना फोनवर सुनावलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येखालीच स्पष्टीकरण दिलंय: केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरली जात नाही. तक्रारअर्जात हे वाक्य जरूर घाला.

आणि उरलेलं सामान वैतागून वापरून टाकू नका. एक न उघडलेलं पाकीट, दोन्ही बाटल्या, कृतीचं कार्ड, कुरिअरची पावती आणि पाझरलेला एक बार झाकणाच्या डब्यात बंद करून, वर तारीख लिहून ठेवा. कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. गुलाबपाण्याची ती ओळ वाचता येईल इतके जवळून.