संदर्भगणकाची दुरुस्ती: ‘अ‍ॅटॉमिक_टी’ ठेवावा की ‘रेफकाउंट_टी’ घ्यावा?

लिनक्स कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) एखादा ऑब्जेक्ट फ्री झाल्यावरही, म्हणजे त्याची मेमरी परत दिल्यावरही, वापरला जात असेल आणि संशयाची सुई संदर्भगणकाकडे (तो ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे हे मोजणाऱ्या आकड्याकडे) वळत असेल, तर आहे तोच ‘अ‍ॅटॉमिक_टी’ हा, ज्यावरच्या क्रिया मध्येच तुटत नाहीत असा, पूर्णांकाचा प्रकार ठेवून चुकलेली क्रिया तेवढी बदलता येते, किंवा २०१७ मध्ये ४.११ या आवृत्तीत आलेला, खास संदर्भगणकासाठीचा ‘रेफकाउंट_टी’ हा प्रकार घेता येतो.

माझ्या ड्रायव्हरमधील चूक नेहमीचीच होती. ‘अ‍ॅटॉमिक_रीड’ने गणक शून्य नाही ना हे पाहून मग ‘अ‍ॅटॉमिक_इंक’ने तो वाढवला जात असे, या दोन्ही क्रिया आपापल्या परीने अखंड असल्या, तरी त्यांच्यामधल्या फटीत दुसरा कोअर शेवटचा संदर्भ सोडून मोकळा होत असे. ‘अ‍ॅटॉमिक_इंक_नॉट_झीरो’ ही एकच क्रिया तपासणी आणि वाढ दोन्ही करते, ती वापरली की हे दोन ओळींत मिटते, म्हणून मीही आधी तेच केले.

मात्र आणखी एका ठिकाणी साधा ‘अ‍ॅटॉमिक_इंक’ राहून गेला होता आणि त्याने चकार शब्द काढला नाही. शून्याचा एक झाला, पुढे तीच मेमरी दुसऱ्यांदा फ्री झाली आणि कर्नल कोसळला तो भलत्याच सबसिस्टिममध्ये. स्लब डीबगिंग (मेमरी वाटपातील चुका पकडण्याची सोय) चालू केल्यावर रजिस्टरमध्ये ‘६बी६बी६बी६बी’ दिसले, ही फ्री झालेल्या मेमरीत भरली जाणारी खूण, म्हणजे मेमरी आधीच फ्री झालेली होती. पण दोषी कोण, हे शोधण्यात तीन रात्री गेल्या. अखेर वैतागून गणकाचा प्रकारच बदलून ‘रेफकाउंट_टी’ केला, तेव्हा तासाभरात लॉगमध्ये शून्यावर भर घातल्याचा इशारा आला आणि त्याखालच्या स्टॅक ट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याच्या यादीत) माझ्याच फंक्शनचे नाव होते.

शिवाय हा गणक ओव्हरफ्लो होऊन शून्यावर येत नाही, एका मोठ्या मूल्यावर अडकून राहतो. थोडी मेमरी लीक होते, इतकेच. २०१६ च्या जानेवारीत उघड झालेल्या कीरिंगच्या (कर्नलमधील किल्ल्यांच्या साठ्याच्या) त्रुटीत ३२ बिटांचा गणक असाच फिरवून शून्यावर आणता येत होता.

‘रेफकाउंट_टी’ सर्वत्र चालेल असे मात्र नाही. त्याची मेमरी ऑर्डरिंगची (मेमरीवरच्या क्रियांच्या क्रमाची) हमी सैल आहे, त्यामुळे जुना कोड ‘अ‍ॅटॉमिक_डेक_अँड_टेस्ट’च्या पूर्ण बॅरिअरवर (हा क्रम मोडू न देणाऱ्या बंधनावर) विसंबून असेल तर तपासून घ्यावे लागते. ऑब्जेक्टचा शोध घेताना त्याची मेमरी जिवंत ठेवण्यासाठी आरसीयू (वाचणारे संपेपर्यंत मेमरी फ्री करणे लांबवणारी पद्धत) किंवा लॉक दोन्ही मार्गांत लागतोच. ज्या गणकात शून्यावरून वाढणे रास्त आहे, उदाहरणार्थ पॅकेटांची मोजदाद, तिथे मी अजूनही ‘अ‍ॅटॉमिक_टी’च ठेवतो, ऑब्जेक्टच्या आयुष्याचा प्रश्न आला की मात्र ठेवत नाही.