पानांचा अर्क, पाणी की युरिया? हवा शुद्ध करणाऱ्या नॅनो-उत्प्रेरकाची हरित पद्धत निवडताना

पुण्यातील एखाद्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हवाशुद्धीसाठी प्रकाश-उत्प्रेरक (प्रकाश पडला की प्रदूषकांचे विघटन घडवणारा पदार्थ) बनवायचे ठरले की पहिली नजर आवारातल्या कडुलिंबाकडे वळते. पानांच्या अर्कातून टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण मिळतात हे खरे. मात्र चांदीच्या कणांप्रमाणे येथे अर्क धातूचे क्षपण (क्षारातून मूळ धातू मोकळा करणे) करत नाही, तो कणांना वेढून त्यांची वाढ आवरतो. त्याचे सेंद्रिय अवशेष जाळायला 400 ते 500 अंश सेल्सिअसची भट्टी बहुधा लागतेच, आणि ऋतूनुसार पानांतील घटक बदलत असल्याने एका घाण्याचा माल दुसऱ्याशी जुळेलच असे नाही. शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘हरित’ शब्द शोभतो, पण विजेचे बिल त्याला भुलत नाही.

जलऔष्णिक पद्धतीत टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड या संयुगाचे पाण्याने विघटन करून ते मिश्रण टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद पात्रात) 150 ते 180 अंशांवर काही तास ठेवतात. अ‍ॅनाटेज (टायटॅनियम डायऑक्साइडचे एक रूप) स्फटिक थेट मिळत असल्याने वेगळी भाजणी सहसा टळते. विघटनात सुटणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल मात्र हिशेबात धरावे. पात्र काठोकाठ भरू नये आणि पूर्ण थंड झाल्याखेरीज उघडू नये.

युरिया झाकलेल्या मुशीत सुमारे 550 अंशांवर तापवला की ग्राफिटिक कार्बन नायट्राइड या दुसऱ्या प्रकाश-उत्प्रेरकाची फिकट पिवळी, हलकी पूड उरते. कच्चा माल स्वस्त आहे, पण हाती येणारी पूड फार थोडी असते आणि अमोनिया सुटत असल्याने फ्यूम हूड (वायू बाहेर ओढून नेणारे कपाट) अनिवार्य ठरते.

निर्णय खरे तर प्रकाशावर ठरतो. अ‍ॅनाटेजला सुमारे 387 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण लागतात, जे सूर्यप्रकाशात जेमतेम पाच टक्के असतात. कार्बन नायट्राइड सुमारे 460 नॅनोमीटरपर्यंतचा निळा प्रकाश वापरते, म्हणून खोलीतल्या एलईडीखाली ते उपयोगी पडते, मात्र त्याची ऑक्सिडीकरणाची ताकद कमी असते. अतिनील दिवा बसवता येत असेल तर मी जलऔष्णिक टायटॅनियम डायऑक्साइडच निवडेन, नसेल तर युरिया.

कोणतीही पद्धत घेतली तरी मिथिलीन ब्लू या चाचणीच्या रंगद्रव्याचा रंग उडाला म्हणजे हवा शुद्ध झाली असे मानू नये. आयएसओ 22197-1 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नायट्रिक ऑक्साइडवर चाचणी घ्यावी आणि तयार होणारा नायट्रोजन डायऑक्साइडही मोजावा. चाचणी जुलैमधल्या दमट हवेतही करून पाहावी, कारण पाण्याचे रेणू पृष्ठभागावरील जागा अडवतात. रस्त्यावरच्या धुळीवर यांपैकी एकाचाही इलाज नाही. तिच्यासाठी उत्प्रेरकाच्या आधी साधी गाळणी बसवावी लागते.