अ‍ॅड्रेस सॅनिटायझरची इनिशियलायझेशन ऑर्डर तपासणी: काही महिने वापरल्यावर

अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे प्रोग्राम चालताना मेमरीच्या चुका पकडणारं साधन; त्याची ही तपासणी ग्लोबल ऑब्जेक्ट (फंक्शनांच्या बाहेर जाहीर केलेले) तयार होण्याच्या क्रमातल्या चुका शोधते. सी++ मध्ये एकाच फाइलीतले ग्लोबल ऑब्जेक्ट लिहिलेल्या क्रमाने तयार होतात. दोन वेगळ्या फाइलींतल्या ग्लोबलपैकी आधी कोणता, हे भाषा सांगत नाही. लिनक्सवर ते बहुतेक वेळा लिंकरला (कंपाइल झालेल्या फाइली जोडून प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाला) ऑब्जेक्ट फाइली कोणत्या क्रमाने मिळाल्या त्यावर ठरतं. आमच्या कोडमध्ये एका फाइलीत ग्लोबल मॅप आहे आणि प्रत्येक हँडलरची फाइल सुरुवातीलाच त्यात आपली नोंद करते. लॅपटॉपवर सगळं सुरळीत, बिल्ड सर्व्हरवर मेन फंक्शनच्या आधीच सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्राम बंद). सोर्स तोच, कंपायलरची आवृत्तीही तीच, तरी आधी संशय कंपायलरवरच.

कारण मेकफाइलमधल्या (बिल्ड कसं करायचं ते सांगणाऱ्या फाइलीतल्या) वाइल्डकार्डमध्ये निघालं, म्हणजे फोल्डरमधल्या सगळ्या सोर्स फाइलींची यादी आपोआप बनवणाऱ्या सूचनेत. मेकफाइल चालवणाऱ्या जीएनयू मेकने 3.82 पासून (2010) ही यादी सॉर्ट करणं थांबवलं होतं, ते 4.3 मध्ये (2020) परत आणलं. सर्व्हरवरचं मेक जुनं. तिथे फाइली ईएक्सटी4 (लिनक्सची फाइलसिस्टिम) देईल तशा येतात, आणि तो हॅशचा क्रम मशीनगणिक बदलतो. हँडलर आधी आला की मॅपची जागा नुसत्या शून्यांनी भरलेली असते. पहिलीच नोंद नल पॉइंटरवर (कुठेच न नेणाऱ्या रिकाम्या पत्त्यावर) आदळते.

मेक बदलून क्रॅश गेला असता, दोष तसाच राहिला असता. म्हणून अ‍ॅड्रेस सॅनिटायझरची ही तपासणी चालू केली. तिचे दोन पर्याय आहेत. 'चेक_इनिशियलायझेशन_ऑर्डर' त्या बिल्डच्या क्रमात खरोखर चूक घडली तरच ओरडतो, म्हणजे लॅपटॉपवर गप्प. त्यावर विसंबू नका. 'स्ट्रिक्ट_इनिट_ऑर्डर' मात्र दुसऱ्या फाइलीतल्या, कन्स्ट्रक्टर चालवून तयार होणाऱ्या ग्लोबलला सुरुवातीच्या टप्प्यात हात लावला की लगेच पकडतो, तो आधीच तयार झालेला असला तरी. खरी किंमत याच पर्यायाची आहे. आमचा जुना लॉगर याच्याच कचाट्यात सापडला. तो कधीच क्रॅश झाला नव्हता.

पहिल्या चुकीलाच प्रोग्राम थांबतो, त्यामुळे दुरुस्त करा, पुन्हा चालवा, असं करत बसावं लागतं. वेग साधारण निम्मा होतो, टेस्टपुरतं चालतं. मॅकवर ही तपासणी नाही.

दुरुस्ती सोपी आहे: मॅप फंक्शनच्या आत स्टॅटिक केला की पहिल्या वापराला तयार होतो, आणि सी++11 पासून ते थ्रेड-सेफही आहे (अनेक थ्रेड एकाच वेळी आले तरी तो एकदाच तयार होतो). साध्या स्थिर मूल्यांना सी++20 चं 'कॉन्स्टइनिट' लावलं, तिथे मूल्य कंपाइल होतानाच ठरत नसेल तर कंपायलरच अडवतो. बाहेरून तयार मिळालेल्या लायब्ररींच्या आत मात्र सॅनिटायझरला काही दिसत नाही, त्यांचा सोर्स मिळवून सॅनिटायझर चालू करणाऱ्या त्याच फ्लॅगने (कंपायलरच्या पर्यायाने) बांधावा लागतो.