विलीज सीजे-२ए: वर्दी उतरवलेली जीप तेलविहिरींवर आणि रँचवर

महायुद्धातून टेक्सासला परतलेला सैनिक एकीकडे तेलविहिरी आणि दुसरीकडे गुरं सांभाळू लागला, तर त्याला दोन्हीकडे चालेल अशी ओळखीची गाडी म्हणजे जीप. पन्नास डॉलरला खोक्यात बंद लष्करी जीप मिळते, ही त्या काळातली लोणकढी थाप. शोरूममध्ये खरी मिळायची ती सीजे-२ए, म्हणजे नागरी जीप. विलीजने ती १९४५ ते १९४९ या काळात ओहायोतल्या टोलिडोत बनवली. सुरुवातीची किंमत १,०९० डॉलर, आणि तेवढ्यात सीट एकच, ड्रायव्हरची. शेजारच्या सीटचे पैसे वेगळे!

महायुद्धातल्या लष्करी जीपपेक्षा, म्हणजे विलीज एमबीपेक्षा ही वेगळी आहे, फक्त रंग बदललेली नाही. जाळीत नऊऐवजी सात खाचा, मोठे हेडलाइट, मागे उघडणारं फाळकं आणि पेट्रोलचं झाकण बाहेरच्या बाजूला (एमबीत ते ड्रायव्हरच्या सीटखाली). गिअरबॉक्स जास्त दणकट, टी-९०. ॲक्सलचं गुणोत्तर ४.८८ वरून ५.३८ केलेलं. ही गाडी कशासाठी आहे ते या शेवटच्या आकड्यातच कळतं. ओढ वाढली, पण ताशी ४५ मैलांच्या पुढे इंजिन नुसतं किंचाळतं. हायवेवरून रोज जायचं असेल, तर दुसरी गाडी बघा.

विहिरी तपासणाऱ्या पंपरच्या फेरीला मात्र ती चपखल बसते. पंपजॅकपासून (विहिरीतून तेल उपसणारा पंप) टाक्यांपर्यंत, तिथून पुढच्या विहिरीकडे, सगळा रस्ता खडबडीत आणि वेग कमी. व्हीलबेस ८० इंच, त्यामुळे कुंपणाच्या कोपऱ्यातही वळते. पश्चिम टेक्सासमध्ये बऱ्याच ठिकाणी कच्च्या तेलासोबत विषारी हायड्रोजन सल्फाइड येतो, म्हणून टाकीजवळ गाडी नेहमी वारा जिकडून येतो त्या बाजूला उभी करून बंद करावी. जुन्या इग्निशनची ठिणगी ज्वलनशील वायूजवळ नकोच.

कंपनीने ही गाडी ट्रॅक्टर म्हणूनही विकली, आणि तो दावा अर्धाच खरा आहे. पीटीओवर (इंजिनाची ताकद अवजारांना देणारा दांडा) खांबाचे खड्डे खणणं, वेल्डर किंवा कॉम्प्रेसर चालवणं ही कामं ती चोख करते. नांगरटीत दमते. २.२ लिटरच्या इंजिनाची ६० अश्वशक्ती मिनिटाला ४,००० फेऱ्यांना मिळते, वजन जेमतेम टनभर. जड मातीत चाकं घसरतात, क्लच तापतो आणि चाल मंद असल्याने रेडिएटरला वारा मिळत नाही.

जुनी घ्यायची असेल तर आधी खाली वाका. टबाच्या, म्हणजे बॉडीच्या तळाशी टोपीच्या आकाराच्या आधारपट्ट्या असतात. त्यांच्यात पाणी साचून पत्रा आतून कुजतो, वरून रंग मात्र झकास दिसतो. पेचकस दाबून पाहा. मग स्टेअरिंग बॉक्सच्या आसपास चेसिसला तडा आहे का ते बघा. स्टेअरिंगचा प्ले बहुतेक वेळा बॉक्समुळे नसतो, पुढच्या बेलक्रँकची (स्टेअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा सांधा) पिन आणि बेअरिंग झिजलेली असतात. नवे टायर घालून गाडीचं भरकटणं थांबत नाही.

ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) ऑइल फेकणारच, थेंबांवरून घाबरू नका. पण मागच्या आउटपुटचं सील गेलं की ऑइल थेट हँडब्रेकच्या ड्रमात शिरतं, कारण तो ड्रम तिथेच बसवलेला आहे. आधी सील, मगच ब्रेकचं लायनिंग. उलट केलंत तर पैसे दोनदा जातात. उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर दुसरा गिअर सुटत असेल, तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. त्यात जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइलच भरा. जीएल-५ मधली काही रसायनं गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंग खातात.

सेल्फ जड फिरतो म्हणून बरेच जण बॅटरी बदलतात. खरा दोषी असतो बारीक केबल. या गाडीची वीज सहा व्होल्टची, तिला करंट दुप्पट लागतो, म्हणून १२ व्होल्टच्या गाडीची केबल चालत नाही. जाड केबल घ्या आणि अर्थची जागा घासून चकचकीत करा. फट पॉइंटची ०.०२० इंच, प्लगची ०.०३० इंच, व्हॉल्व्हची थंड इंजिनवर ०.०१६ इंच, एवढं जुळलं की ती अर्ध्या फेरीत सुरू होते.

सौदा ठरवण्यापूर्वी हेड काढून ब्लॉक पाहू द्या असं सांगा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटजवळ तडा असेल, तर किंमत निम्म्यावर आणा किंवा सोडून द्या. सील, ब्रेक, गिअर हे भाग अजून नवे मिळतात. चांगला मूळ ब्लॉक मात्र शोधतच फिरावं लागतं.