एफबीटी: आठवड्याला एक तास थेरपिस्टचा, बाकी 42 ताटं पालकांची

फॅमिली-बेस्ड ट्रीटमेंट, म्हणजेच एफबीटी. ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजार, झालेल्या किशोरवयीन मुलांसाठी तज्ज्ञ बहुतेक वेळा आधी हीच सुचवतात, आणि पालक हिच्याच नावाला सगळ्यात जास्त बिचकतात. सगळ्या घराला एका खोलीत बसवून जुनी भांडणं उकरणार, शेवटी खापर आईबापाच्या डोक्यावर फोडणार, असं वाटतं. प्रत्यक्षात आजार का झाला, या प्रश्नात ही थेरपी शिरतच नाही. घराला आग लागल्यावर ठिणगी कुठून आली याची चौकशी नंतर, आधी पाणी, असा तिचा खाक्या आहे. पाणी ओतायचं काम पालकांचं.

म्हणून हिचं मोजमाप नेहमीच्या थेरपीसारखं करता येत नाही. थेरपिस्ट किती समंजस, खोली किती शांत, हे गौण. दिवसाला तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी धरली तर आठवड्याला 35 ते 42 ताटं होतात, आणि दुसऱ्या सेशनमधलं एक जेवण सोडलं तर त्यातलं एकही थेरपिस्टसमोर खाल्लं जात नाही. त्या ताटांसाठी क्लिनिक पालकांच्या हातात नेमकं काय देतं, यावर सेवा चांगली की वाईट ते ठरतं.

पद्धत लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमधली. तिथल्या 80 रुग्णांवरचा अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. आजार 18 वर्षांपर्यंतच्या वयात सुरू झालेला आणि तीन वर्षांहून कमी जुना असेल, तर कुटुंबासोबतचा उपचार एकट्याने घेतलेल्या थेरपीपेक्षा सरस ठरतो, असं त्यात दिसलं. पुढे 2010 मध्ये 12 ते 18 वयाच्या 121 मुलांवर मोठी तुलना झाली. उपचार संपल्यावर वर्षभराने एफबीटी घेतलेल्यांपैकी 49 टक्के मुलं पूर्ण बरी होती, एकट्याने थेरपी घेतलेल्यांपैकी 23 टक्के. 'पूर्ण बरी' याची कसोटी तिथे कडक होती: वजनही जागेवर आणि खाण्याबद्दलचे विचारही. तरी आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा. उपलब्ध उपचारांत हा उजवा आहे, आणि निम्म्या मुलांना तो त्या मापाने पुरलेला नाही. पहिल्याच भेटीत जे क्लिनिक हे दोन्ही सांगतं, त्याच्यावर जास्त विश्वास ठेवावा.

पहिलं सेशन जड जातं, आणि ते मुद्दाम जड ठेवलेलं असतं. हा आजार जीव घेऊ शकतो, हे थेरपिस्ट न कचरता सांगतो आणि त्याच दमात पालकांना दोषमुक्त करतो. दुसऱ्या सेशनला घरचं जेवण सोबत आणायला सांगतात. उपाशी मुलाला सावरायला जे योग्य वाटेल ते आणा, एवढीच सूचना. सगळे तिथेच जेवतात आणि मुलाने थांबायचं ठरवलं की त्यापुढे निदान एक घास त्याला खायला लावायचा, हे पालकांना करून पाहावं लागतं. त्या एका घासाला तासही लागतो. ओशाळवाणं वाटतं. पण थेरपिस्टच्या डोळ्यांसमोर आपलं कुठे चुकतं ते कळण्याची ही एकच संधी. आई समजावत असते, बाबा घड्याळ बघत असतात, आणि मूल दोघांच्या मधल्या फटीतून अलगद निसटतं. हे जेवणच वगळून 'आपण बोलूनच घेऊ' म्हणणाऱ्या ठिकाणी एफबीटीचं नुसतं नाव मिळतं.

प्रत्येक सेशनची सुरुवात वजनाने. थेरपिस्ट मुलाला आधी एकट्याला भेटतो, वजन घेतो, आकडा त्याला दाखवतो आणि मग तो आलेख सगळ्यांसमोर येतो. घरी रोज काटा काढायची गरज नसते, नकोच. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, लघवी करून आल्यावर, हलक्या कपड्यांत. बाह्यरुग्ण उपचारात आठवड्याला साधारण अर्धा किलो वाढ धरतात. चौथ्या सेशनपर्यंत दोन-सव्वादोन किलो वाढलं तर पुढचा रस्ता बराच मोकळा असतो, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. तेवढं वाढलं नसेल तर थेरपिस्टने त्याच आठवड्यात काहीतरी बदलायला हवं. 'अजून थोडं थांबून बघू' हे उत्तर पाचव्या-सहाव्या आठवड्यात चालत नाही.

आता घरचं ताट. उपचाराचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात काय, किती आणि केव्हा हे तिन्ही पालक ठरवतात. मूल स्वयंपाकघरात नसतं, मोजत नाही, वाढून घेत नाही. जेवणाला अर्धा तास आणि मधल्या खाण्याला पंधरा मिनिटं, असा अंदाज बहुतेक ठिकाणी देतात. प्रमाण वाढवायचं ते आकारमान न वाढवता: पाणीदार पदार्थ कमी, तेल, लोणी, साय, दाणे जास्त. याला कारण आहे. बरेच दिवस उपाशी राहिलेलं पोट खरोखरच हळू रिकामं होतं. 'पोट फुगलंय, दुखतंय' ही प्रत्येक वेळी सबब नसते. जेवणानंतर पोटावर गरम पाण्याची पिशवी आणि शेजारी कोणीतरी, एवढ्याने बरंच निभतं. नियमित खाल्ल्यावर काही आठवड्यांत हा त्रास ओसरतो. जेवण कमी केलं तर तो लांबतो.

टेबलावर काय बोलायचं, ही चांगल्या क्लिनिकने घटवून घ्यायची गोष्ट. मूल म्हणतं, "आई, माझं पोट भरलंय, आता एकही घास नाही जाणार." इथे कॅलरी, व्हिटॅमिन, 'बघ किती वाळलीस' यातलं काहीही सुरू केलं की जेवण थांबून वादविवाद सुरू होतो, आणि वादात आजार कधी हरत नाही. कामी येतात ती छोटी, कंटाळवाणी वाक्यं: "अवघड जातंय, दिसतंय मला. मी इथेच बसलेय. पुढचा घास घे." तेच पुन्हा, त्याच आवाजात. 'प्लीज, माझ्यासाठी खा' हेही टाळावं, कारण त्याने न खाण्यात अपराधाची भर पडते. 'आज चेहऱ्यावर तेज आलंय' हे कौतुक तर सपशेल उलटतं; आजारी मनाला त्यात 'जाड झालीस' एवढंच ऐकू येतं. जेवताना गप्पा शाळेच्या, मांजराच्या, कोड्यांच्या. जेवणाच्या नाहीत.

जेवणानंतरचा तास आधी आखून ठेवावा लागतो. उलटीची सवय असेल तर तासभर बाथरूमला एकट्याने जायचं नाही, म्हणून जेवायच्या आधीच जाऊन यायचं. सोबत पत्ते, विणकाम, एखादी मालिका. लपूनछपून होणारा व्यायाम याच तासात डोकं वर काढतो: उभं राहून अभ्यास, सतत हलणारा पाय, विनाकारण जिने. घास बाहीत किंवा रुमालात जाणं नेहमीचं आहे. ते पकडल्यावर भाषण देत बसू नये, तेवढंच पुन्हा वाढावं. चोरी मुलाची नाही, आजाराची, अशी फारकत ही थेरपी शिकवते. सुरुवातीला ती बोलायची पद्धत वाटते. रात्री नऊला ताट भिरकावलं गेल्यावर तीच आपल्याला सावरते.

बहुतेक घरांत घोटाळा तीन-चार आठवड्यांनी होतो. वजन छान वाढत असतं आणि अचानक थांबतं. ताट तेच, वेळा त्याच. पालकांना वाटतं, मूल कुठेतरी फसवतंय. कधी तसं असतंही. पण पुरेसं अन्न मिळू लागल्यावर शरीर आधी बंद ठेवलेली कामं पुन्हा सुरू करतं, ऊब वाढते, ऊर्जेचा खर्च वाढतो आणि पुरणारं ताट अपुरं पडतं. उपाय एकच: ताट वाढवायचं. हे आधी सांगितलं नसेल तर पालक खचतात, आणि वजन थांबल्याच्या आठवड्यातच सवलती द्यायला लागतात. दुसरं म्हणजे, वजन वाढतं तशी मुलाची घालमेलही वाढते. मन वजनाच्या मागून, कित्येक महिने मागून येतं. अमेरिकेत 1944–45 मध्ये 36 निरोगी पुरुषांना जवळपास 24 आठवडे अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला. आधी ठणठणीत असलेली ही माणसं अन्नाखेरीज दुसरा विचार करीनाशी झाली, चिडचिडी आणि उदास झाली. पोट भरायला लागल्यावरही ते लगेच गेलं नाही. ईटिंग डिसऑर्डरमधल्या, म्हणजे खाण्याशी निगडित मानसिक आजारांमधल्या, कितीतरी गोष्टी स्वभाव नसून उपासमार आहे, हे पालकांना सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही. थेरपिस्टने ते वापरावं.

पहिल्या टप्प्याला आम्ही पैकीच्या पैकी गुण देऊ. दुसऱ्याला निम्मे. इथे खाण्याचा ताबा हळूहळू मुलाकडे परत द्यायचा असतो आणि नेमक्या याच ठिकाणी बऱ्याच क्लिनिकांची भाषा मोघम होते: 'आता थोडं स्वातंत्र्य द्या.' थोडं म्हणजे किती? एका वेळी एकच गोष्ट, दोन आठवडे, असा हिशोब सुरक्षित. आधी मूल मधलं एक खाणं स्वतः वाढून घेतं, पालक बघतात. दोन आठवडे वजन टिकलं तर तेच पालकांच्या नजरेआड. मग शाळेतला डबा. व्यायाम सगळ्यात शेवटी. वजन घसरलं की शेवटची पायरी मागे घ्यायची. ती शिक्षा नव्हे, हे मुलाला आधीच सांगून ठेवायचं. घाई बहुधा दमलेल्या पालकांकडून होते, आणि उपचाराचं ठरलेलं वर्ष संपत आलं की थेरपिस्टकडूनही. तिसरा टप्पा वयाच्या नेहमीच्या प्रश्नांचा, मोजक्या सेशनांचा.

टार्गेट वजनाबद्दल वेगळं लिहिणं भाग आहे, कारण सगळं बरोबर होऊनही इथे घात होतो. वाढत्या वयातल्या मुलाचं टार्गेट स्थिर नसतं. चौदाव्या वर्षी ठरवलेला आकडा पंधराव्या वर्षी कमी पडतो. तो सर्वांच्या सरासरीवरून काढू नये. मुलाचा आजारापूर्वीचा वाढीचा आलेख काढून त्याच रेषेवरून ठरवावा. नेहमीच वरच्या रेषेवर वाढलेलं मूल मधल्या रेषेवर 'नॉर्मल' दिसतं, पण उपाशीच असतं. मुलींमध्ये पाळी परत येणं ही चांगली खूण, पण एकटी पुरेशी नाही. जुने वजनाचे कागद न मागणाऱ्या डॉक्टरला ते स्वतःहून दाखवावेत.

घरच्या ताटाने भागत नाही अशा वेळाही आहेत. जागेपणी नाडी 50 च्या खाली, झोपेत 45 च्या खाली, अंगाचं तापमान 35.6 अंश सेल्सियसच्या खाली, उभं राहिल्यावर भोवळ, पाणीही नाकारणं, जीव द्यायची भाषा: यातलं काहीही असेल तर पुढच्या सेशनची वाट न बघता हॉस्पिटल. बरेच दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या मुलाला घरी एकदम भरपूर वाढणंही धोक्याचं. अन्न आत गेल्यावर इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. अशा वेळी सुरुवातीचे दिवस फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासत काढायचे असतात. एफबीटी देणाऱ्या ठिकाणी असा डॉक्टर जोडलेला नसेल तर ती सेवा अर्धीच आहे, थेरपिस्ट कितीही गुणी असो.

सगळ्या घरांना हा साचा बसतो असंही नाही. पालकांकडून सतत टोचून बोललं जात असेल, मग ते काळजीपोटी का असेना, तर सगळ्यांना एकत्र बसवण्यापेक्षा पालकांची सेशन वेगळी ठेवलेली बरी. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 107 मुलांच्या अभ्यासात, थेरपिस्ट फक्त पालकांना भेटत असलेल्या गटात उपचार संपताना 43 टक्के मुलं बरी होती, एकत्र बसणाऱ्या गटात 22 टक्के. वर्षभराने मात्र दोघांतला फरक बराच कमी झाला. बुलिमियासाठीही, म्हणजे भरमसाट खाऊन मग उलटी वगैरे करून ते भरून काढण्याच्या आजारासाठीही, ही पद्धत वापरतात; तिथे मुलाला स्वतःलाच आजार नकोसा असतो, त्यामुळे पालकांनी ताबा घेण्यापेक्षा दोघांनी मिळून काम करायचं असतं. भावंडांना सेशनला न्यावं, पण पहारेकरी करू नये. मोठ्या भावाने 'आई, हिने ठेवलं बघ' म्हणून चुगली केली की बहिणीचा घरातला शेवटचा मित्रही जातो. त्याचं काम जेवणानंतर पत्ते पिसायचं.

किती सेशन लागतात? ठरलेला नमुना वर्षभरात वीसेकचा. 2005 मधल्या 86 मुलांच्या तुलनेत सहा महिन्यांत 10 सेशन आणि वर्षभरात 20 सेशन यांचा निकाल एकंदरीत सारखाच निघाला. मंत्रचळासारखे विचार तीव्र असणाऱ्या आणि आईवडील एकत्र राहत नसलेल्या मुलांना मात्र लांबचा कोर्स जास्त उपयोगी पडला. नाव नोंदवताना संख्येपेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात: पहिले तीन आठवडे मधल्या दिवशी फोनवर कोण भेटेल, आणि वजन दोन आठवडे हललं नाही तर तुम्ही काय बदलता. दुसऱ्याचं उत्तर लगेच आणि नेमकं आलं नाही, तर दुसरं क्लिनिक बघावं.