नॅनोकणांच्या थराचं परावर्तन: सूत्र की एफडीटीडी?

सोलापूर विद्यापीठात एमएस्सी करणारी भाची विचारत होती, काचेवरच्या सोन्याच्या नॅनोकणांचं परावर्तन कशानं काढू?

वेळ म्हणशील, तर मॅक्सवेल गार्नेटचं १९०४चं सूत्र अख्खा थर एकजिनसी मानतं. पुढे ट्रान्सफर मॅट्रिक्स (थरांवरून किती प्रकाश परततो, किती पलीकडे जातो याचं गणित) लावलं की साध्या लॅपटॉपवर लगेच आलेख. एफडीटीडी म्हणजे जागेची जाळी आखून प्रकाशलहरींची समीकरणं संगणकावर काळाच्या छोट्या टप्प्यांनी सोडवणं; त्याला २० नॅनोमीटरच्या कणासाठी १ नॅनोमीटर किंवा त्याहून बारीक जाळी लागते; तासन्‌तास जातात.

अचूकपणात खरी मेख आहे. कण विरळ असतील तोवर सूत्र छान चालतं. ते चिकटायला आले की मधल्या फटीत विद्युतक्षेत्र एकवटतं, आलेखातलं शिखर तांबड्या रंगाकडे सरकतं आणि सूत्र फसतं. शिवाय एकपदरी थराची जाडी नेमकी किती धरायची?

विरळ थर, बऱ्याच जाड्या तपासायच्या असतील तर सूत्रच घे. दाट, एकपदरी थराला एफडीटीडीच.